वन्सं, इंजिन उघडलं

वन्सं, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांचा राबता आहे. येणारा प्रत्येक जण तुमच्या झाडांबद्दल बोलतो. कॉलेजातल्या बाई आल्या, त्यांनी त्यांच्या अंगणातल्या जर्दाळूबद्दल सांगितलं. महाराष्ट्र मंडळातले लोक आले, त्यांना तुम्ही दिलेली कढीपत्त्याची रोपं आठवली. ट्रकचं नाव कोणीच काढलं नाही. बरोबरच आहे म्हणा. भेटायला आलेल्या माणसाने ट्रकबद्दल काय बोलायचं? पण मला तुमची आठवण आली की आधी पेट्रोलचा वास येतो, आणि मग ओल्या गोणपाटाचा.

परवा पिंजौरला जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण ते नीट सांगायचं तर त्या जानेवारीपासून सुरुवात करायला हवी. तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी ऐका, कारण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

तेव्हा आपण दोघी चंदीगडला, सेक्टर बावीसमध्ये, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. तुमच्या भावाची बदली सीमेवर झाली होती, तिथे बायकोला नेता येत नव्हतं. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. सांगलीहून आलेली मी, हिंदी बोलताना दर वाक्याला अडखळणारी, आणि घरात तुम्ही, वयाने एवढ्या मोठ्या नणंद. कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून तुम्ही पिंजौरला जमीन खंडाने घेतली होती आणि फळझाडांची नर्सरी काढली होती. सकाळी पहिल्या बसने जायच्या, अंधार पडता परत यायच्या. आपलं बोलणं म्हणजे, सुमन, कुकर लावलास का, आणि, हो वन्सं. भांडण नव्हतं. बोलण्यासारखंच काही नव्हतं.

ट्रक तुम्ही मी यायच्या आधीच घेतला होता, लष्कराच्या लिलावात. महायुद्धाच्या वेळचा, अमेरिकेत बनलेला, लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा. तुमच्या भावाला तो मुळीच पसंत नव्हता. सुट्टीवर आले की एकदा तरी म्हणायचे, ताई, ते भंगार विकून टाक. तुम्ही हसायच्या आणि त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढायच्या.

त्या दिवशी मी तुमच्याबरोबर पिंजौरला आले ती, खरं सांगायचं तर, घरात एकटीने बसून थंडीचा कंटाळा आला म्हणून. तुम्ही ट्रक चालू केला आणि बॉनेटखालून आवाज यायला लागला. शिवणयंत्र भरधाव चालवल्यासारखा, टकटक टकटक. तुम्ही इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. आवाज तसाच.

हरनामसिंग मिस्त्रींना बोलावलं. कालका रस्त्यावर त्यांचं वर्कशॉप. हात चांगला, माणूस सरळ, पण सगळं आयुष्य डिझेलच्या गाड्यांत गेलेलं. त्यांनी वरचं झाकण काढलं, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या त्या छोट्या लोखंडी दांड्यांमध्ये पातळ पत्ती घालून फट सारखी केली. आवाज गेला. तुम्ही खूश होऊन माळ्याला रोपं उपटायला सांगितलं. धरमपूरच्या वरच्या अंगाला एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मोठी बाग लावायला घेतली होती. त्यांच्यासाठी पीच आणि आलुबुखाराची रोपं, पानं झडलेली, उघड्या मुळांची. थंडीत झाड झोपलेलं असतं तेव्हाच ते असं हलवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. फांदीवरचे डोळे फुगायच्या आत ते नव्या खड्ड्यात जायला हवं, नाहीतर वर्षभराची मेहनत वाया.

रोपं उपटून झाली आणि आवाज परत आला. या वेळी जास्त.

आता मिस्त्रींनी तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं. सुई पार खाली. डिझेल गाडीत ती इतकी खाली गेली तर ड्रायव्हर जागच्या जागी इंजिन बंद करतो, ते म्हणाले. त्यांनी पातळ तेल काढून जाड तेल भरलं. दुसऱ्या दिवशी सुई थोडी वर आली, पण वरची टकटक अशी वाढली की बोललेलं ऐकू येईना. मिस्त्रींनी पगडीखालून कपाळ पुसलं आणि निकाल सांगितला. खालची बेअरिंगं झिजलीत, तेल तिथूनच गळून जातं, म्हणून दाब नाही, म्हणून वर तेल पोचत नाही, म्हणून आवाज.

“मैडमजी, इंजन उतारना पड़ेगा,” ते म्हणाले. “ऐसे चलाओगे तो रास्ते में बैठ जाएगा.”

सगळं कसं एकात एक बसणारं होतं. मला तर पटलंच. भाड्याचा ट्रक मिळतो का म्हणून तुम्ही कालक्यापर्यंत जाऊन आलात, पण उसाचे दिवस, एकही गाडी मोकळी नव्हती. रोपं चरात मातीने झाकून ठेवलेली. तुम्ही उलट्या खोक्यावर बसून ट्रककडे बघत राहिलात. मी चहा घेऊन आले. कप घेतलात आणि मान वर न करता विचारलंत, “सुमन, तुला काय वाटतं?”

मला वाटलं चहाबद्दल विचारताय. मग कळलं. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं.

“मलाही कळत नाही,” तुम्ही म्हणालात. “म्हणून तर विचारतेय.”

वन्सं, सासरी आल्यापासून मला बरंच काही विचारलं गेलं होतं. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, चंदीगड मानवतंय का. मला काय वाटतं, हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. आणि उत्तराची वाट पाहत तुम्ही खरोखर थांबलात. चहा निवला तरी.

मग तुम्ही तो लांब स्क्रू-ड्रायव्हर आणलात. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, हे तुम्ही कुठल्याशा ड्रायव्हरला करताना पाहिलं होतं. आधी तुम्ही ऐकलंत, मग माझ्या हातात दिलात. मला भीती वाटली, पंखा जवळच फिरत होता. पण एकदा कानाशी आवाज लागला आणि मी भीती विसरले. वर टेकवलं की टकटक अगदी डोक्यात. खाली, जिथे मिस्त्री बेअरिंगं म्हणत होते तिथे, नुसती घुमणारी घरघर. तुम्ही विचारलंत खाली काय ऐकू येतं. मी म्हटलं, काहीच नाही. तुम्ही पुन्हा ऐकायला लावलंत. मी पुन्हा काहीच नाही म्हटलं. “मलाही,” तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं की जणू ट्रक दुरुस्तच झाला.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तुम्ही पूर्ण वेळ बोलत होतात. दोन तक्रारी एकाच वेळी दिसल्या म्हणजे त्यांचं कारण एकच असतं असं नाही. पान पिवळं पडतं आणि फांदीला कीड असते, तेव्हा लोक म्हणतात किडीने पान पिवळं पडलं, आणि मुळाशी पाणी साचलेलं असतं. हे ओळखायचं कसं? आजारी झाडाशेजारी त्याच जातीचं धडधाकट झाड ठेवून बघायचं. आणि मग तुम्हाला आठवलं, लिलावात तसे दोन ट्रक होते. दुसरा डेराबस्सीकडच्या एका वीटभट्टीवाल्याने घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आपण बसने तिकडे गेलो. भट्टीचा मालक आपल्याला बघून चक्रावला. दोन बायका, एक सुती साडी आणि कोटातली, एक डोक्यावरून शाल घेतलेली, आणि म्हणतात काय, तुमचा ट्रक जरा चालू करून दाखवा. त्याला वाटलं विकत घ्यायला आलोत. घ्यायचा नाही, फक्त ऐकायचा आहे, असं तुम्ही सांगितल्यावर त्याला आणखीच नवल वाटलं, पण त्याने किल्ली दिली. विटांनी लाल झालेला तो ट्रक, आपल्यापेक्षा खराब दिसणारा. चालू झाला आणि नुसता घुमत राहिला. वर टकटक नाही. तुम्ही मला आत चढायला सांगितलंत, मीटर बघायला.

सुई आपल्या ट्रकच्या सुईइतकीच खाली होती.

मी दोनदा बघितलं. मग ड्रायव्हरला विचारलं, ही नेहमी अशीच असते का? तो म्हणाला, हमेशा, बीबीजी, ये तो ऐसे ही चलता है. मी खाली उतरून तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझा दंड धरलात. एवढ्या जोरात की दुखला. म्हणजे कमी दाब हा आजारच नव्हता, ती त्या इंजिनाची जातच होती. आजार फक्त वरचा.

यापुढच्या गोष्टीबद्दल आपलं कधीच एकमत झालं नाही. तुमचं म्हणणं, जाड तेलाचा मुद्दा तुम्हाला बसमध्येच सुचला होता. माझं म्हणणं, तो मी काढला, रात्री स्वयंपाकघरात. खोबरेल तेलाची बाटली थंडीने गोठली होती, म्हणून मी ती गरम पाण्यात धरून उभी होते. तुम्हाला विचारलं, मिस्त्रींनी भरलेलं ते जाड तेल या थंडीत वर चढतं तरी कसं? तेल वर नेणारी नळी किती रुंद असते? सकाळी पिंजौरला पोचल्या पोचल्या मिस्त्रींना पहिला प्रश्न विचारलात तो नळीचा. इतकी वर्षं तुम्ही हे कबूल केलं नाहीत. आता तरी मीच जिंकले असं धरते.

मिस्त्रींना भट्टीवरचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. दोन्ही ट्रक खराब असतील, म्हणाले. पण वरचं झाकण काढून इंजिन चालू करायला तयार झाले. आपण तिघं वाकून बघत होतो. सगळ्या दांड्या खालीवर नाचत होत्या, आणि कोरड्या होत्या. तेल जेमतेम ओलाव्यापुरतं. तेल वर आणणारी नळी सापडली, काडीपेटीतल्या काडीएवढी जाड. मिस्त्रींनी ती सोडवली, तुम्ही उजेडाकडे धरलीत. पलीकडचं काही दिसेना. आत काळी, मेणासारखी घाण बसलेली. जाड तेलाने होता तोही रस्ता बंद केला होता. सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक धागा घेऊन, पेट्रोल सोडून, फुंकून फुंकून ती आपण मोकळी केली. आपण म्हणजे मीही. तोंडात पेट्रोलची चव दोन दिवस होती. मग पातळ तेल भरलं. इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळाने पहिल्या दांडीच्या बुडाशी तेलाचा थेंब आला, मग दुसरीच्या, आणि टकटक एकेक दात पडावा तशी कमी होत गेली.

सुई मात्र आणखी खाली गेली. मिस्त्रींनी तिच्याकडे बोट दाखवलं. रोपं भरायला घेतली तेव्हा तेच म्हणाले, मीही येतो, कुठे बंद पडतो ते मला बघायचंय.

तुम्ही चालवत होतात, पलीकडे मिस्त्री, मध्ये मी. माझं काम सुईवर लक्ष ठेवायचं. कालका गेलं, परवाणू गेलं, चढ सुरू झाला. इंजिन तापलं तशी सुई उतरायला लागली. एका वळणावर पाण्याला थांबलो तेव्हा ती जवळजवळ शून्यावर टेकली होती. मी म्हटलं, वन्सं, आता नको, परत फिरू. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. मागे ओल्या गोणपाटात बांधलेली रोपं, वर अर्धा घाट शिल्लक. इंजिन जाम झालं असतं तर ट्रकही गेला असता आणि रोपंही, आणि तुमच्याकडे दुसरं काही नव्हतं. नर्सरी तिथेच संपली असती.

तुम्ही इंजिन चालूच ठेवलंत. म्हणालात, “डोळे मीट आणि ऐक. मग तू म्हणशील ते करू.”

मी डोळे मिटले. घरघर होती. पाण्याचा आवाज होता, मागच्या गोणपाटातून ठिबकणाऱ्या. टकटक नव्हती. खालून ठोका नव्हता. मी बराच वेळ ऐकलं, कारण उत्तर द्यायची भीती वाटत होती. मग म्हटलं, “चला.”

तुम्ही लगेच गियर टाकला. पुन्हा विचारलं नाहीत, खात्री आहे ना म्हणून. धरमपूरच्या वर कर्नलसाहेबांचे गडी खड्ड्यांजवळ वाट बघत उभे होते. उतरताना मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “समझ नहीं आया, मैडमजी. पर चल गया.”

एक गोष्ट तुम्हाला मी कधी सांगितली नाही. त्या होळीला मी सांगलीला जाणार होते आणि परत येणार नव्हते, निदान हे सीमेवरून परतेपर्यंत. कपाटाखालची ट्रंक निम्मी भरलेली होती. घाट उतरून आलो त्या आठवड्यात मी ती रिकामी केली. रागावून जायचं असं काही ठरलं नव्हतं, तशी राहायचंही मोठं कारण नव्हतं. पण सकाळी उठल्यावर तुमच्याबरोबर बसने पिंजौरला जावंसं वाटायला लागलं होतं, आणि तेवढं मला पुरलं.

मग किती वर्षं गेली. हे परत आले, आपलं घर मोठं झालं, ट्रक चालतच राहिला. सुई कधीच वर आली नाही. आणि तुम्हाला एकच प्रश्न पडलेला, इतक्या कमी दाबावर हे इंजिन चालतं कसं? दोन ट्रक सारखे आहेत म्हणजे ही त्याची जात, हे खरं, पण जात अशी का? मिस्त्री आले की वाद ठरलेला. ते म्हणायचे, चालत नाहीये, नशिबावर रेटतंय, बेअरिंगं गेलेलीच आहेत. तुम्ही म्हणायच्या, नशीब हे काही कारण झालं नाही. मी म्हणायची, एवढं जाणून घ्यायचंय तर उघडा ना एकदा. त्यावर तुम्ही चिडायच्या. कलम धरलंय की नाही बघायला मी रोज पट्टी सोडत नाही, चालत्या इंजिनाला हात लावायचा नाही. मला ते पटायचं नाही. ज्या बाईने मला प्रश्न विचारायला लावले तिनेच असं अडावं? शेवटच्या दिवाळीलाही आपण याच्यावरून बोललो, तुम्ही उशीला टेकून बसला होतात. बोलता बोलता धाप लागली म्हणून मी विषय सोडला. तो वाद असा अर्धाच राहिला.

दवाखान्यातही तुम्ही डॉक्टरांना किती दिवस, असं एकदाही विचारलं नाहीत. हे असं का होतं, ते विचारत राहिलात. एक तरुण डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत बसला होता. तो बाहेर येऊन मला म्हणाला, आंटीजी पढ़ाती थीं क्या? मी हो म्हटलं.

आता परवाचं सांगते. जमिनीची मुदत संपतेय, ती पुढे वाढवायची नाही असं ठरलं. ट्रकला चंदीगडजवळच्या खरड गावचा एक माणूस गिऱ्हाईक आला. चांगला वाटला, पण म्हणाला, इंजिन आतून बघूनच घेईन. तुमच्या भावाने मला विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, उघडू दे, पण मी तिथे असेन.

मिस्त्री आता थकलेत. दाढी पांढरी झालीय, नजर कमी झालीय, मुलगा वर्कशॉप बघतो. पण हे काम त्यांनी स्वतः केलं. ट्रकखाली गोणपाट अंथरून शिरले आणि तेलाचं खालचं भांडं सोडवलं, ज्याला ते चेंबर म्हणतात. मग मला हाक मारली. मी साडी खोचली आणि सरळ त्यांच्याशेजारी जमिनीवर आडवी झाले. हे बाजूला उभे होते, त्यांनी काहीतरी म्हटलं, मी ऐकलं नाही.

मिस्त्रींनी बॅटरीचा झोत वर टाकला. आधी बेअरिंगं दाखवली. पुढची सगळी ठीक. मागचं एक मात्र झिजलेलं, बोट फिरवलं की कळत होतं. म्हणजे ते थोडे बरोबर होते, वन्सं. मला वाटलं त्यांना आनंद होईल. पण त्यांनी मान हलवली, म्हणाले, याने काही बिघडत नव्हतं, आणि झोत सरकवला.

प्रत्येक दट्ट्याच्या दांड्याच्या बुडाला एक छोटी पळी होती. खरोखर पळी, देवघरातल्यासारखी, पुढे तोंड वळलेली. आणि उतरवून ठेवलेल्या भांड्यात, बरोबर प्रत्येक पळीच्या खाली येईल अशी, एकेक छोटी पन्हाळ, तेलाने भरलेली. दांडा खाली आला की पळी पन्हाळीत बुडते, तेल उचलते, आणि आपल्या बेअरिंगाला आपणच पाजते. प्रत्येक जण आपापलं. तेल पंपाने दाबून पाठवायची त्यांना गरजच नव्हती. पंपाकडे काम ते थोडंसं, पन्हाळी भरत्या ठेवायचं, आणि वर ती बारीक नळी. सुई कशाला वर जाईल?

“मैंने ऐसा इंजन कभी खोला ही नहीं था,” मिस्त्री म्हणाले. “मैडमजी को दिखाना था.”

आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानाकडे ओघळलं, कारण उताणे होतो. माझंही तसंच. पण वन्सं, मला नुसतं रडू येत नव्हतं. आधी मला ते बघायचं होतं, फिरताना. मी यांना म्हटलं, पुढे जा आणि हँडल फिरवा. साहेबांनी लष्करात एवढी वर्षं काढली, पण हँडल आधी उलटं धरलं. मग इंजिन जड जड हललं आणि पळ्या एकामागून एक खाली आल्या, वळल्या, वर गेल्या. एकीच्या टोकाला थेंब राहिला होता, तो माझ्या गालावर पडला.

हे वरून विचारत होते, झालं का?

मी म्हटलं, अजून एकदा फिरवा. हळू.